शेजारच्या टेबलावर जायला कोण अडवतं?

विद्यापीठाच्या मेसमध्ये तुम्ही रात्री एकटेच जेवायला आला आहात. हातात ताट आहे, मित्र अजून पोचलेले नाहीत. समोरच्या टेबलावर तुमच्याच वसतिगृहातली चार-पाच मुलं बसली आहेत. चेहरे रोजचे, पण वर्ण वेगळा. तुम्ही जाऊन बसाल त्यांच्यात?

निकोल शेल्टन आणि जेनिफर रिचेसन या मानसशास्त्रज्ञांनी असाच प्रसंग अमेरिकेतल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपुढे ठेवला होता. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झालं. दोन्हीकडच्या मुलांना एकमेकांशी ओळख वाढवायची होती. आणि दोन्हीकडच्यांना वाटत होतं की समोरच्यांना मात्र तेवढी इच्छा नाही. ‘तू का गेला नाहीस?’ असं विचारल्यावर कारण यायचं, ‘त्यांनी झिडकारलं तर?’ आणि ‘मग ते का आले नाहीत?’ याचं कारण, ‘त्यांना रसच नसेल.’ गप्प दोघंही बसले होते. पण आपलं गप्प बसणं म्हणजे संकोच, आणि दुसऱ्याचं म्हणजे तुसडेपणा! शिकायला अमेरिकेत गेलेल्या आपल्याकडच्या अनेक मुलांना हे टेबल चांगलंच ओळखीचं असेल.

हा गैरसमज फक्त वर्णापुरता नाही. शिकागोच्या दक्षिणेला होमवुड नावाचं उपनगर आहे. तिथल्या स्टेशनवर सकाळी कामाला निघालेल्या प्रवाशांना निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी प्रयोगात घेतलं. काहींना सांगितलं, आज शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला. काहींना सांगितलं, एकटेच बसा. उरलेल्यांनी रोजच्यासारखं जायचं. उतरल्यावर प्रश्नावली भरून टपालात टाकायची. बोललेल्यांचा प्रवास सगळ्यांत छान झाला. आणखी काही प्रवाशांना या तिन्ही प्रकारांची नुसती कल्पना करायला सांगितली होती, त्यांचा अंदाज नेमका उलटा होता: बोलावं लागलं तर प्रवास सगळ्यांत कंटाळवाणा होईल. २०१४ साली हे निष्कर्ष छापून आले. बोलायला सगळे तयार, फक्त सुरुवात दुसऱ्याने करावी अशी प्रत्येकाची अपेक्षा, असा हा प्रकार आहे.

होमवुडमध्ये वर्ण किंवा वय हा मुद्दा नव्हता. वेगळ्या गटातल्या माणसाशी बोलताना त्यात भीतीची भर पडते, आणि ती शरीरात मोजता येते. एलिझाबेथ पेज-गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लॅटिनो (मूळ लॅटिन अमेरिकेतले) आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या होत्या. काही जोड्या एकाच गटातल्या, काही मिश्र. तीन भेटी. आधी साधे प्रश्न, मग हळूहळू मनातलं सांगायला लावणारे. प्रत्येक भेटीत लाळेचे नमुने घेऊन त्यात कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक तपासलं जाई. ज्यांच्या मनात छुपा पूर्वग्रह होता, त्यांचा मिश्र जोडीतला ताण भेटीगणिक उतरत गेला. पुढे त्यांनी रोजनिशी लिहिली. तीत दिसलं की हीच मंडळी आता दुसऱ्या गटातल्या लोकांशी आपणहून बोलायला जात होती. मला या सगळ्या संशोधनातली ही सर्वांत आशादायक गोष्ट वाटते, कारण इथे बदलली ती सर्वांत अवघडलेली माणसं.

थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ साली वेगवेगळ्या गटांमधल्या संपर्कावरच्या ५१५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. संपर्क वाढला की पूर्वग्रह सहसा कमी होतो, हे त्यात पुन्हा पुन्हा दिसलं. का कमी होतो, हे त्यांनी पुढे तपासलं, तेव्हा दुसऱ्या गटाबद्दल माहिती वाढणं हे कारण दुबळं निघालं. धास्ती कमी होणं आणि त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहता येणं, ही कारणं त्याहून कितीतरी भक्कम. म्हणजे नुसते धडे वाचून हे काम होणार नाही, समोरासमोर बसावंच लागेल.

तेही कसं, याला महत्त्व आहे. अर्थशास्त्रज्ञ मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांना घेऊन महिनाभर क्रिकेटचे सामने भरवले. एकाच संघात खेळलेल्यांच्या जातीबाहेर मैत्री वाढल्या. नुसते प्रतिस्पर्धी म्हणून भेटलेल्यांमध्ये तसं घडलं नाही, उलट काही बाबतींत नुकसानच झालं.

पिढ्यांमधली दरी तर आपण वेळापत्रकातच आखून ठेवलेली असते: मुलं शाळेत, मोठे कामावर, म्हातारे घरात नाहीतर वृद्धाश्रमात. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर गावातल्या एका वृद्धाश्रमाने यावर एक साधा सौदा काढला. विद्यार्थ्यांनी तिथे भाडं न देता राहायचं, आणि बदल्यात महिन्याला ३० तास चांगला शेजारी म्हणून वागायचं. म्हणजे सोबत जेवायचं, वाढदिवस साजरे करायचे, आजारपणात जवळ बसायचं, ईमेल शिकवायचं. तिथल्या एका विद्यार्थ्याने आजीआजोबांच्या हातात रंगाचे फवारे दिले आणि भिंतीवर रंगवतात तशी चित्रं पुठ्ठ्यावर काढायला शिकवली.