रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल आलं, मग गोळ्या कशाला?
वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर आमच्याकडून कॅल्शियम नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही शस्त्रक्रियेनंतर लागणारी कॅल्शियम आणि व्हिटॅमिनची सप्लिमेंट्स पुरवणारी छोटी पेढी आहोत. ग्राहक आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारतात तो प्रश्न असा: "रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलंय, आता गोळ्या थांबवल्या तर चालेल ना?" शस्त्रक्रियेला वर्ष-दीड वर्ष झालं की हा प्रश्न हमखास येतो. वजन उतरलेलं असतं, हिंडणं-फिरणं सोपं झालेलं असतं आणि दिवसातून तीन वेळा भलीमोठी गोळी चावायचा कंटाळा आलेला असतो. तो कंटाळा आम्हाला समजतो. तरीही उत्तर "नाही, चालणार नाही" असंच आहे, आणि त्यामागचं कारण फोनवर दोन वाक्यांत सांगून होत नाही. ते नीट सांगता यावं म्हणून हे पत्रक.

नॉर्मल आकड्याच्या मागे काय चाललेलं असतं

शरीरातलं सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात फिरतं ते अगदी थोडं. पण हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल, मज्जातंतूंचं काम हे सगळं त्या थोड्याशा कॅल्शियमवर अवलंबून असतं, म्हणून रक्तातली पातळी घसरू नये यासाठी शरीर जिवाचा आटापिटा करतं.

आतड्यातून येणारं कॅल्शियम कमी पडू लागलं की गळ्यात थायरॉइडच्या मागे असलेल्या चार इवल्याशा पॅराथायरॉइड ग्रंथी कामाला लागतात. त्या पीटीएच नावाचं संप्रेरक जास्त प्रमाणात सोडतात. हे संप्रेरक मूत्रपिंडांकडून कॅल्शियम वाचवून घेतं, व्हिटॅमिन डी सक्रिय करून घेतं आणि एवढ्यानेही भागलं नाही तर हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात आणतं. रिपोर्टमध्ये आकडा नॉर्मल दिसतो तो यामुळेही असू शकतो. ताट रोज भरलेलं दिसतं, म्हणून कणगी रिकामी होतेय हे कोणाच्या लक्षातच येत नाही, तसं हे होतं. दुखत नाही, खुपत नाही, आणि वर्षं निघून जातात.

म्हणून आमचं आग्रहाचं सांगणं आहे की नुसतं कॅल्शियम तपासून घरी येऊ नका. त्याच वेळी पीटीएच आणि 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी तपासायला डॉक्टरांना सांगा. कॅल्शियम नॉर्मल, पण पीटीएच चढलेलं आणि व्हिटॅमिन डी कमी, असा रिपोर्ट असेल तर हाडांतून उचल सुरू आहे असं समजायला जागा असते. अल्कलाइन फॉस्फेटेज, फॉस्फरस, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिन हेही सोबत बघतात. रक्तातलं बरंचसं कॅल्शियम अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं. शस्त्रक्रियेनंतर प्रथिनं कमी पडून अल्ब्युमिन घसरलं असेल तर कॅल्शियमचा आकडा आहे त्यापेक्षा कमी दिसतो, आणि डॉक्टरांना तो हिशेब करून वाचावा लागतो. कधी कधी चोवीस तासांच्या लघवीतलं कॅल्शियमही मोजतात. ते फारच कमी निघालं तर पोटात पुरेसं जात नाही किंवा गेलेलं शोषलं जात नाही, असा त्याचा अर्थ लावतात.

पहिल्या वर्षात दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा या तपासण्या व्हाव्यात. पुढे म्हणजे आयुष्यभर.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण बऱ्याच ग्राहकांना ती कुणी सांगितलेली नसते. शस्त्रक्रियेनंतर केस गळतात म्हणून अनेक जण बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या सुरू करतात. काही प्रयोगशाळांच्या तपासणीपद्धतीत बायोटिनमुळे पीटीएचचा आकडा खोटाच कमी येतो. वाढलेलं पीटीएच त्यामुळे नजरेतून सुटू शकतं. तुम्ही बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला तसं सांगा. किती दिवस आधी ते बंद ठेवायचं हे ते सांगतील.

शस्त्रक्रियेने काय बदललं

कॅल्शियम मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे ड्युओडेनम आणि त्याच्या लगतच्या जेजुनममध्ये, व्हिटॅमिन डीच्या मदतीने शोषलं जातं. गॅस्ट्रिक बायपासमध्ये अन्न नेमका हाच भाग टाळून पुढे जातं. ड्युओडेनल स्विचमध्ये तर आतड्याचा आणखी मोठा भाग वगळला जातो आणि चरबी पचणंही कमी होतं. चरबीत विरघळणारं व्हिटॅमिन डी त्यामुळे शरीराबाहेर निघून जातं. मिनी बायपास हे नाव ऐकून शस्त्रक्रिया हलकी वाटते, पण त्यातही आतड्याचा बराच भाग वगळलेला असतो. तुमचं नेमकं किती आतडं बायपास केलं आहे ते सर्जनकडून लिहून घ्या. हा आकडा प्रत्येक नव्या डॉक्टरांना उपयोगी पडतो.

"माझं स्लीव्ह झालंय, आतड्याला हात लावलेला नाही" असंही आम्ही ऐकतो. ते खरं आहे. पण स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढलेला असतो. आम्ल कमी तयार होतं, खाणं कमी होतं, आणि अनेकांना ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतात, त्या उरलेलं आम्लही कमी करतात. ज्या प्रकारच्या कॅल्शियमला विरघळायला आम्ल लागतं, ते अशा पोटात नीट विरघळत नाही.

शिवाय वजन उतरणं हेच हाडांसाठी मोठा बदल असतो. हाड त्याच्यावर पडणाऱ्या भारानुसार स्वतःला घडवतं. भार झपाट्याने कमी झाला, सोबत स्नायूही झिजले, की हाडाची घनता घटते, आणि ही घट नितंबाच्या हाडात जास्त दिसते. वजन एका जागी स्थिरावल्यावरही ती काही काळ चालू राहते. शस्त्रक्रियेआधीच व्हिटॅमिन डी कमी असणं तर जादा वजन असलेल्यांत फार सर्रास आढळतं, म्हणजे बरेच जण मुळात तूट घेऊनच ऑपरेशन टेबलावर जातात.

यातून कुणी असा अर्थ काढू नये की शस्त्रक्रिया करायला नको होती. मधुमेह, रक्तदाब, गुडघे यांना तिचा मोठा फायदा होतो. हाडांचा भाग मात्र तुम्हाला स्वतःला सांभाळावा लागतो.

लेबलवरचा मोठा आकडा

बाटलीवर ठळक अक्षरात "कॅल्शियम सायट्रेट 1000 मिलिग्रॅम" लिहिलेलं असतं आणि ग्राहक समजतो, एका गोळीत 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळालं. तसं नसतं. ते वजन पूर्ण संयुगाचं असतं. सायट्रेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम 21 टक्के, म्हणजे त्या गोळीत 210 मिलिग्रॅम. कार्बोनेटमध्ये ते 40 टक्के असतं, म्हणून 1250 मिलिग्रॅमच्या कार्बोनेटच्या गोळीत 500 मिलिग्रॅम कॅल्शियम भरतं. तुम्हाला शोधायचा शब्द "एलिमेंटल कॅल्शियम" हा आहे. तो लेबलच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असतो. तिथेच हेही बघा की दिलेला आकडा एका गोळीचा आहे की दोन गोळ्यांचा.

मग कार्बोनेट जास्त फायद्याचं का नाही? कारण ते विरघळायला आम्ल लागतं, आणि त्याचीच तुमच्या पोटात कमतरता आहे. सायट्रेटला आम्लाची गरज नसते. ते जेवणासोबत घ्या किंवा रिकाम्या पोटी घ्या, चालतं. म्हणून शस्त्रक्रियेनंतर सायट्रेटला पहिली पसंती दिली जाते. कार्बोनेटच घ्यायचं ठरलं असेल तर ते जेवणासोबतच घ्यावं. सायट्रेटचा आणखी एक फायदा बायपास झालेल्यांनी लक्षात ठेवावा. बायपासनंतर लघवीत ऑक्झलेट वाढून मुतखड्याची शक्यता वाढते. जेवणासोबत घेतलेलं कॅल्शियम अन्नातल्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं, आणि सायट्रेट लघवीत खडा बनू देण्याला विरोध करतं. "मुतखडा होईल म्हणून कॅल्शियम सोडलं" असं सांगणारे ग्राहक आम्हाला भेटतात. हा निर्णय डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही घेऊ नका.

दिवसभराचं प्रमाण आहार आणि गोळ्या मिळून मोजायचं असतं. स्लीव्ह आणि बायपासनंतर ते साधारण 1200 ते 1500 मिलिग्रॅम, आणि ड्युओडेनल स्विचनंतर 1800 ते 2400 मिलिग्रॅम सांगितलं जातं. तुमच्यासाठीचा आकडा डॉक्टर ठरवतील.

एका वेळी किती आणि कशासोबत नाही

सगळ्या गोळ्या एकदम सकाळी घेऊन मोकळं व्हावं असं वाटणं साहजिक आहे, पण आतडं एका वेळी ठरावीक प्रमाणातच कॅल्शियम नीट उचलतं. 500, फार तर 600 मिलिग्रॅमच्या वर एका वेळी घेतलेल्यातलं बरंचसं वाया जातं. म्हणून दोन किंवा तीन वेळा विभागून घ्यायचं. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचं अंतर हवं, कारण दोन्ही एकत्र घेतली तर कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं. तुमच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह आहे का हे तपासा, कारण असलं तर हाच नियम त्यालाही लागू होतो. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात चार तास ठेवावे. काही अँटिबायोटिक्सही कॅल्शियमला बांधली जाऊन निष्प्रभ होतात, म्हणून नवीन औषध मिळालं की "मी कॅल्शियम घेतो" किंवा "घेते" हे आवर्जून सांगा.

थायरॉइडची गोळी आणि लोह दोन्ही चालू असलेल्या एखाद्याचा दिवस असा बसवता येतो. सकाळी 6 वाजता उपाशीपोटी थायरॉइडची गोळी. साडेदहाला कॅल्शियमचा पहिला डोस. दुपारी 1 वाजता जेवणासोबत लोह असलेलं मल्टिव्हिटॅमिन. 4 वाजता कॅल्शियमचा दुसरा डोस, आणि लागत असेल तर रात्री 8 वाजता जेवताना तिसरा. वेगळी लोहाची गोळी असेल तर ती झोपताना, साडेदहाच्या सुमारास. घड्याळात अर्धा तास इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही. दोन गोष्टी एकत्र पोटात जाणं टाळायचं आहे, एवढं ध्यानात ठेवा. फोनवर तीन गजर लावणारे ग्राहक नियमित राहतात असा आमचा अनुभव आहे.

पहिल्या काही आठवड्यांत मोठ्या गोळ्या गिळू नका. चावायच्या, पावडरच्या किंवा द्रव स्वरूपातल्या घ्या.

व्हिटॅमिन डी

हे नसेल तर वरची सगळी मेहनत अर्धवट राहते. साधारण सुरुवात रोज 3000 युनिट, म्हणजे 75 मायक्रोग्रॅम डी3 पासून करतात आणि रक्तातली पातळी 30 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर येईपर्यंत डोस जमवून घेतात. लेबलवर कधी युनिट, कधी मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं, म्हणून हे लक्षात ठेवा: 40 युनिट म्हणजे 1 मायक्रोग्रॅम. चरबी असलेल्या जेवणासोबत घेतलं तर ते अधिक चांगलं शोषलं जातं. मोठे साप्ताहिक डोस मनाने सुरू करू नका आणि संपल्यावर मनाने पुन्हा आणू नका. व्हिटॅमिन डी शरीरात साठतं, आणि अतिरेक झाला तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीवर चढू शकतं.

गोळीच्या पलीकडे

नियमित कॅल्शियम घेऊनही हाडांची थोडी झीज होते, हे आम्ही ग्राहकांपासून लपवत नाही. ती कमी ठेवायची तर हाडावर भार पडायला हवा: भरभर चालणं, जिने चढणं, आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचे किंवा रबरी पट्ट्यांचे व्यायाम. पोहणं उत्तम, पण हाडासाठी एकटं पोहणं पुरत नाही. प्रथिनं रोज किमान 60 ग्रॅम पोटात गेली पाहिजेत. धूम्रपान हाडांना थेट मारक आहे. शस्त्रक्रियेनंतर दारू लवकर चढते, तोल जातो, आणि पातळ झालेलं हाड पडण्याच्या धक्क्याने मोडतं.

डेक्सा ही हाडांच्या घनतेची तपासणी शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांच्या आसपास करायला सांगतात. रजोनिवृत्ती झालेल्या, पूर्वी हाड मोडलेल्या किंवा स्टिरॉइड घेणाऱ्या व्यक्तींनी शस्त्रक्रियेआधीच एकदा करून ठेवली तर पुढची तुलना सोपी जाते. शक्यतो दर वेळी त्याच मशीनवर करा. हाडं ठिसूळ झाल्याचं निघालं आणि औषध सुचवलं गेलं, तर ते देणाऱ्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेबद्दल जरूर सांगा. तोंडाने घ्यायच्या काही गोळ्या जठराच्या जोडावर व्रण करू शकतात. इंजेक्शनने द्यायची औषधं सुरू करण्याआधीही व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियमची कमतरता भरून काढावी लागते, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम एकदम कोसळू शकतं.

डॉक्टरांना लगेच गाठा

ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या येत असतील, हातापायांत पेटके येत असतील, खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर वाटत नसेल, हाडं दाबल्यावर दुखत असतील किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडलं असेल, तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका, डॉक्टरांकडे जा. हाताची बोटं आपोआप आखडणं, घशात आवळल्यासारखं होणं किंवा झटका येणं ही तातडीची परिस्थिती आहे, थेट रुग्णालय गाठा. ज्यांची थायरॉइडची शस्त्रक्रिया झालेली आहे त्यांनी विशेष सावध राहावं. त्यात पॅराथायरॉइड ग्रंथींना इजा झालेली असेल तर बायपासनंतर कॅल्शियम फार खाली जाऊ शकतं, आणि अशा व्यक्तींचे डोस या पत्रकातल्या आकड्यांवरून ठरवता येत नाहीत.

ऑर्डर देताना आम्हाला काय सांगाल

शस्त्रक्रियेचा प्रकार आणि वर्ष, सध्या चालू असलेली सर्व औषधं, आधी कधी मुतखडा झाला होता का, मूत्रपिंडाचा आजार आहे का, गर्भधारणा आहे किंवा ठरवत आहात का. मूत्रपिंडाचा आजार, गर्भधारणा किंवा पॅराथायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी पाहिल्याशिवाय आम्ही कॅल्शियम किंवा व्हिटॅमिन डी पाठवत नाही. चिठ्ठीचा फोटो चालतो, फक्त त्यावर डोस आणि तारीख स्पष्ट वाचता आली पाहिजे.