विमान रद्द, विमान लेट: भरपाईच्या नियमांची पार्श्वभूमी

उलव्याचा नवी मुंबई विमानतळ 25 डिसेंबर 2025 ला सुरू झाला. त्याच्या तीनच आठवडे आधी, 5 डिसेंबरला, इंडिगो या देशातल्या सर्वात मोठ्या विमान कंपनीची हजारावर उड्डाणं एका दिवसात रद्द झाली होती. त्यामुळे ठाण्यात आणि नवी मुंबईत नव्या विमानतळाच्या कौतुकाबरोबर एक व्यवहारी प्रश्नही फिरत राहिला. विमान सुटलंच नाही, किंवा पाच तास लेट सुटलं, तर प्रवाशाच्या पदरात काय पडतं? याचं उत्तर ज्या नियमांत आहे ते 2010 चे आहेत.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. विमानाला उशीर होऊन प्रवाशाचं नुकसान झालं तर जबाबदार वाहतूक करणारा, हे 1929 च्या वॉर्सा करारातच आलं. 1999 च्या माँट्रियल कराराने ते पुढे नेलं आणि 2009 मध्ये भारत त्यात सामील झाला. पण या करारांत नुकसान किती झालं ते प्रवाशाने दाखवायचं. मुलाखत हुकली याची पावती कुठून आणणार? युरोपने 2004 च्या नियमाने ही भानगड मिटवली. अंतर पाहून 250 ते 600 युरो ठरलेले, नुकसान सिद्ध करत बसायला नको.

भारतात विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, म्हणजे डीजीसीएने, ठरावीक रकमेची पद्धत 15 ऑगस्ट 2010 पासून लागू केली आणि 1 ऑगस्ट 2016 पासून रकमा वाढवल्या. वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर एक तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000 रुपये, दोन तासांपर्यंत 7,500, त्यापुढे 10,000. बातम्यांत एवढंच छापून येतं. पुढची ओळ बहुतेक वेळा गळते: ही रक्कम, किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी असेल ते. मुंबई-नागपूर दीड तासाच्या आसपासचं, म्हणजे 7,500 च्या खान्यातलं. पण मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून 3,200 होत असतील, तर भरपाई 3,200 च. तिकिटाचे पैसे परत किंवा दुसरं विमान, हे वेगळं. घोडबंदर रोडवरून पहाटे चारला केलेल्या टॅक्सीचा मात्र या हिशेबात पत्ताच नाही.

शिवाय 24 तास आधी कळवलं तर भरपाई नाही. मोबाइल नंबर दिला नसेल तरी नाही. गल्लीतल्या एजंटकडून तिकीट काढणाऱ्यांनी इथे जरा थांबावं, कारण बुकिंगमध्ये पुष्कळदा एजंट स्वतःचाच नंबर टाकतो. मेसेज त्याला जातो आणि प्रवासी थेट विमानतळावर पोहोचतो.

खरा वाद मात्र ‘कंपनीच्या हाताबाहेरची कारणं’ या कलमावर आहे. नैसर्गिक आपत्ती, दंगल, पूर, संप, सरकारी आदेश, हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षेचा धोका यांपैकी काही कारण असेल तर रोख भरपाई नाही. तत्त्व रास्त आहे. 26 जुलै 2005 ला मुंबई विमानतळ पाण्याखाली गेला, त्याचा दोष कुठल्याही कंपनीला देता येत नाही. पण हवामानाचं कारण लांबवर ताणता येतं. एकच विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या मारतं. सकाळी दिल्लीत धुकं पडलं की संध्याकाळची मुंबई-नागपूर फेरी लटकते, आणि दोन्हीकडे आकाश निरभ्र असताना प्रवाशाला कारण सांगितलं जातं ते धुक्याचं. मग दिवसभरात दुसरं विमान, दुसरे कर्मचारी लावणं कंपनीच्या हातात नव्हतं का? तांत्रिक बिघाडाचं नाव या यादीत नाही, पण यादीच्या शेवटी ‘इतर कारणं’ ही खिडकी उघडी ठेवलेली आहे. युरोपातल्या न्यायालयाने डिसेंबर 2008 मध्येच सांगून टाकलं की तांत्रिक बिघाड हा एरवीच्या धंद्याचाच भाग आहे, तेवढ्यावर भरपाई टाळता येणार नाही. आपल्याकडे पहिला निवाडा काउंटरवर होतो आणि तो देते ती कंपनीच. ‘ऑपरेशनल रीझन’ एवढे दोन शब्द मिळतात. त्यात कर्मचारी कमी होते, इंजिन बिघडलं की विमानच नव्हतं, काहीही बसतं.

गंमत म्हणजे रेल्वेला हे इतकं सोपं राहिलेलं नाही. जम्मूला गाडी चार तास उशिरा पोहोचली आणि एका कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं. सप्टेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेला 35,000 रुपये द्यायला लावले. उशिराचं कारण आपल्या हाताबाहेरचं होतं हे रेल्वेने सिद्ध करायला हवं होतं, असं न्यायालयाने म्हटलं.

दुसरी मेख उशिराची. रद्दला रोख आहे, उशिराला नाही. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाणं-पिणं द्यायचं. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. रात्री आठ ते पहाटे तीनमधलं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर हॉटेल. मे 2018 च्या सरकारी मसुद्यात उशिरामुळे जोडफ्लाइट चुकली तर 5,000 पासून 20,000 पर्यंत चढती भरपाई सुचवली होती. कंपन्यांनी जोरदार विरोध केला. फेब्रुवारी 2019 मध्ये प्रवाशांची सनद आली, पण ती चढती रक्कम नियमांत उतरली नाही. परिणाम उघड आहे. रद्द करणं महाग, लांबवणं स्वस्त. मग तासाभराचा उशीर हप्त्याहप्त्याने पाच तासांवर जातो यात नवल ते काय?

करोनाकाळात भांडण परताव्याचं होतं. 25 मार्च ते 24 मे 2020 देशांतर्गत विमानं बंद राहिली आणि कंपन्या पैशांऐवजी क्रेडिट देऊ लागल्या. अखेर 1 ऑक्टोबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने परताव्याचे नियम घालून दिले.

डिसेंबर 2025 चा इंडिगोचा गोंधळ मात्र हवामानाच्या नावावर खपण्यासारखा नव्हता. विश्रांतीच्या नव्या नियमांमुळे कंपनीला वैमानिक कमी पडले होते. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तास करणारे नियम जानेवारी 2024 मध्येच जाहीर झाले होते. ते जुलै आणि नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत लागू झाले, म्हणजे तयारीला वेळ भरपूर होता. तरी कंपनीला या नियमांतून तात्पुरती सवलत मिळाली. सरकारने 6 डिसेंबरला भाड्यांवर मर्यादा घातली, 500 किलोमीटरपर्यंत 7,500 आणि 1,500 किलोमीटरपुढे 18,000 रुपये. कंपनीने जास्त फटका बसलेल्यांना नियमातल्या भरपाईशिवाय 10,000 रुपयांचं व्हाउचर जाहीर केलं. व्हाउचर, म्हणजे पुन्हा त्याच कंपनीचं तिकीट.

दाद मागण्याची वाट मात्र रुंद झाली आहे. 2019 च्या ग्राहक कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. विमान कंपनीचं मुख्य कार्यालय दिल्लीकडे असलं तरी वाशीकराला ठाणे जिल्ह्यातच दाद मागता येते. खारघर आणि उलवे मात्र रायगड जिल्ह्यात मोडतात, तिथल्या प्रवाशाचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला. अर्ज ऑनलाइन भरता येतो. सोबत तिकीट, बोर्डिंग पास, उशिराचे सगळे मेसेज आणि कंपनीने दिलेलं कारण लेखी जोडायचं. हे शेवटचं काउंटरवर उभं असतानाच ईमेलवर मागून घेतलेलं बरं.