सतत थकवा, रक्ताचा रिपोर्ट आणि त्यातले ठळक आकडे

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत, मग मला एवढं गळून गेल्यासारखं का होतं?" आणि याच्या बरोब्बर उलट, "मला तसं काही होत नव्हतं, ऑफर होती म्हणून फुल बॉडी पॅकेज केलं तर पाच गोष्टी बोल्डमध्ये आल्या, आता काय करू?" कुठल्याही फॅमिली डॉक्टरला विचारा, आठवड्यातून कितीतरी वेळा हे दोन्ही प्रश्न ऐकायला मिळतात. दोन्हीच्या मुळाशी एकच समज आहे, की रक्त काढलं की शरीरात काय चाललंय ते सगळं कळतं. प्रत्यक्षात टेस्ट फक्त तेवढंच सांगते जेवढं तिला विचारलंय, आणि थकवा हे लक्षण इतकं ढोबळ आहे की काय विचारायचं हेच आधी ठरवावं लागतं.

नेदरलँड्समधे फॅमिली डॉक्टरांकडे थकव्याची तक्रार घेऊन आलेल्या, पण कारण वरवर दिसत नसलेल्या लोकांवर एक अभ्यास झाला, २००९ मधे तो छापून आला. सव्वातीनशे लोक होते आणि त्यातल्या शंभरात साधारण आठ जणांना पुढे कुठला तरी ठोस शारीरिक आजार निघाला. बाकीच्यांचा थकवा खोटा होता असं अजिबात नाही हं, फक्त तो रक्तात सापडणाऱ्यातला नव्हता. त्याच अभ्यासात असंही दिसलं की हिमोग्लोबिन, ईएसआर (शरीरात कुठे सूज, इन्फेक्शन आहे का याची खूण), शुगर आणि टीएसएच (थायरॉईडची) एवढ्या चार टेस्ट केल्या काय आणि लांबलचक यादी केली काय, खरे आजार पकडण्यात फारसा फरक पडत नव्हता. आता हे नेदरलँड्स आहे, आपल्याकडे ॲनिमिया आणि बी-१२ ची कमतरता कितीतरी जास्त, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण मुद्दा लागू पडतो.

मग पॅकेजमधे ऐंशी टेस्ट कशाला? जास्त टेस्ट म्हणजे जास्त माहिती, असं वाटतं खरं. इथे थोडं गणित. रिपोर्टवर उजवीकडे जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती बऱ्याच टेस्टसाठी निरोगी माणसांचं रक्त तपासून त्यातल्या मधल्या ९५ टक्के लोकांची घेतलेली असते, म्हणजे ठणठणीत माणसांतलेही ५ टक्के त्या रेंजच्या बाहेर पडणारच, व्याख्याच तशी आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट केल्या तर पूर्ण निरोगी माणसाचा निदान एक आकडा तरी बाहेर येण्याची शक्यता ६४ टक्के होते, ८० केल्या तर ९८ टक्के. (खऱ्या रिपोर्टमधे बऱ्याच टेस्ट एकमेकींशी जोडलेल्या असतात म्हणून आकडा थोडा कमी होतो, पण कल्पना आली असेल.) मग त्या एका बोल्ड आकड्यासाठी आणखी दोन टेस्ट, मग सोनोग्राफी, मग रात्रीची झोप जाते आणि थकवा आणखी वाढतो.

आता कामाच्या टेस्ट. पहिली सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात कमी वाचली जाणारी. लोक हिमोग्लोबिन बघतात आणि कागद मिटवून ठेवतात. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधे रक्त घेतात ना, त्यात गुठळी होऊ नये म्हणून ईडीटीए असतं, ते रक्त पातळ करून मशीन एका बारीक छिद्रातून ओढतं आणि छिद्राच्या दोन्ही बाजूंना वीज खेळवलेली असते. एक पेशी छिद्रातून गेली की क्षणभर विजेला अडथळा होतो, मोठी पेशी मोठा अडथळा, छोटी पेशी छोटा. वॉलेस कूल्टर नावाच्या अमेरिकन माणसाची ही युक्ती, १९५३ मधे त्याला पेटंट मिळालं, आणि आजही बऱ्याच लॅबमधली मशीन्स याच तत्त्वावर चालतात. म्हणजे मशीन पेशी नुसत्या मोजत नाही, त्यांचा आकारही मोजतं, आणि थकव्याचं कारण शोधताना तो आकार फार कामाचा असतो. रिपोर्टवर त्याला एमसीव्ही म्हणतात, मोठ्या माणसात ८० ते १०० फेम्टोलीटर असावा.

समजा एका पस्तिशीच्या बाईंचं हिमोग्लोबिन १०.४ आहे (बायकांमधे १२ च्या खाली आणि पुरुषांमधे १३ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, गरोदर असेल तर ११). एमसीव्ही ७१, म्हणजे पेशी छोट्या. आरडीडब्ल्यू १८, म्हणजे पेशींचे आकार एकसारखे नाहीत, काही बऱ्या काही बारक्या. आरबीसी, म्हणजे लाल पेशींची संख्या, ४.६ दशलक्ष. हे चित्र लोहाच्या कमतरतेचं, कारण लोह कमी पडत जातं तसतशा नव्या पेशी आधीच्यांपेक्षा छोट्या बनत जातात. आता दुसऱ्या बाईंचं हिमोग्लोबिन ११.२, एमसीव्ही तर त्याहून कमी, ६४, पण आरबीसी ५.७ दशलक्ष. पेशी बारक्या पण भरपूर! इथे थॅलेसेमिया मायनरची (आईवडिलांकडून आलेला हिमोग्लोबिनचा सौम्य दोष) शंका घ्यायची आणि एचपीएलसी नावाची टेस्ट करायची. एमसीव्हीला आरबीसीने भागायचं, उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमियाकडे कल, वर आलं तर लोहाकडे. पहिल्या बाईंचं १५.४ येतं, दुसऱ्यांचं ११.२. हा ठोकताळा आहे, निदान नाही, पण या दुसऱ्या बाईंना वर्षानुवर्षं "रक्त कमी आहे" म्हणून लोहाच्या गोळ्या चालू राहतात आणि हिमोग्लोबिन जागचं हलत नाही, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. सिंधी, कच्छी, लोहाणा समाजांत थॅलेसेमिया मायनरचं प्रमाण जास्त आहे, लग्न ठरवताना तरी ही टेस्ट झालेली असावी.

पेशी मोठ्या असतील, म्हणजे एमसीव्ही १०० च्या वर, तर गाडी बी-१२ आणि फोलेटकडे वळते. यात मुंबईचा एक मोठा वाटा आहे आणि तो फार कुणाला माहीत नसतो. १९२८ मधे लुसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या, गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणारा एक जीवघेणा ॲनिमिया त्या अभ्यासत होत्या, ज्यात लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसायच्या. आधी जंतूंचा संशय होता, मग आहाराकडे लक्ष गेलं, आणि शेवटी मार्माइट नावाच्या यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मधे त्यांनी हे छापलं. त्या अर्कातलं जे काही काम करत होतं ते म्हणजे फोलेट, ज्याचं फॉलिक ॲसिड आज प्रत्येक गरोदर बाईला देतात.

आपल्याकडे सध्या फोलेटपेक्षा बी-१२ चा प्रश्न मोठा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने २००६ मधे पुणे आणि आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास छापला, त्यात ६७ टक्के लोकांचं बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर आणखी जास्त. बी-१२ वनस्पतींत नसतं, दूध दह्यातून थोडं मिळतं, अंडी मासे मटणातून नीट मिळतं, त्यामुळे शाकाहारी घरात चहापुरतं दूध असेल तर साठा हळूहळू संपत जातो, याला वर्षं लागतात म्हणून कळत नाही. त्यात डायबेटिससाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर बी-१२ चं शोषण आणखी कमी. थकव्याबरोबर पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरायला होणं असं काही असेल तर ही टेस्ट टाळू नका. आणि एक गंमत बघा, बी-१२ कमी असेल तर पेशी मोठ्या होतात आणि लोह कमी असेल तर छोट्या, दोन्ही एकदम कमी असेल तर सरासरी छान नॉर्मल येते! एमसीव्ही ८८, सगळं आलबेल. फक्त आरडीडब्ल्यू वाढलेला असतो, म्हणून तो आकडाही बघायचा.

टेस्ट इंजेक्शन घेण्याआधी करायची, एवढं तरी पाळा. आपल्याकडे "डॉक्टर, एक ताकदीचं इंजेक्शन द्या" किंवा "सलाईन लावा" ही पद्धत आहे, बी-१२ चं लाल रंगाचं इंजेक्शन दिलं की दुसऱ्या दिवशी बी-१२ चा आकडा आभाळाला टेकतो आणि मुळात ते कमी होतं का हे मग कळायला मार्ग राहत नाही.

लोहाकडे परत येतो, कारण इथे एक फट आहे. हिमोग्लोबिन १२.५ आहे म्हणजे लोह ठीक, असं नसतं. शरीर आधी साठ्यातलं लोह वापरतं आणि साठा संपल्यावर हिमोग्लोबिन उतरायला लागतं, त्यामुळे साठा बघायचा तर फेरिटिन करायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात निरोगी मोठ्या माणसात फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा संपला, बरेच डॉक्टर ३० च्या खालीच सावध होतात. फ्रान्समधला एक अभ्यास २०१२ मधे आला होता, हिमोग्लोबिन नॉर्मल पण फेरिटिन ५० च्या खाली आणि सतत थकवा अशा बायकांना १२ आठवडे लोहाच्या गोळ्या दिल्या तर थकव्याचा स्कोअर जवळपास ४८ टक्क्यांनी उतरला. मस्त ना? पण ज्यांना नकली गोळ्या दिल्या त्यांचाही २९ टक्क्यांनी उतरला. म्हणजे फायदा खरा आहे, पण "मी एक टॉनिक घेतलं आणि मला बरं वाटलं" या वाक्यातला बराच भाग काळाचा आणि मनाचा असतो हेही तितकंच खरं. फेरिटिनची दुसरी खोड अशी की ताप, इन्फेक्शन, सूज असं काही असलं की ते उगाच वाढतं, डेंग्यूतून उठल्या उठल्या केलेलं फेरिटिन ९० आलं तर त्यावरून साठा भरलेला आहे असं म्हणता येत नाही. म्हणून सोबत सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारी टेस्ट, बघतात. नुसतं सीरम आयर्न मात्र एकटं करून काही उपयोग नाही, सकाळ-संध्याकाळ आणि जेवणानंतर ते इतकं हलतं की भरवसा ठेवावा असं त्यात काही नाही.

थायरॉईडसाठी टीएसएच. हे थायरॉईडचं हॉर्मोन नाहीच, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी थायरॉईडला काम कर म्हणून जो हुकूम पाठवते तो हुकूम, त्यामुळे थायरॉईड सुस्त तर टीएसएच जास्त. साधारण ०.४ ते ४.५ नॉर्मल. २० किंवा ५० आला तर चर्चा संपली, गोळी लागते. गोंधळ ५ ते १० मधे आहे. २०१७ मधे युरोपातला मोठा अभ्यास आला, पासष्टीच्या पुढचे ७३७ लोक, टीएसएच थोडासा वाढलेला, निम्म्यांना गोळी निम्म्यांना नकली, वर्षभरानंतर थकव्यात फरक शून्य. म्हणून ५.८ बघून लगेच गोळी सुरू करण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांनी टेस्ट परत करणं बरं, बऱ्याचदा आकडा आपोआप खाली येतो. आणि केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, कारण काही मशीन्सच्या टेस्टमधे बायोटिनच वापरलेलं असतं आणि रक्तातलं जास्तीचं बायोटिन मधे घुसून आकडे खोटे करतं, इतके की थायरॉईड ठीक असतानाही तो जास्त काम करतोय असं दिसतं. औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मधे याचा रीतसर इशारा दिला होता. केस गळणं आणि थकवा या तक्रारी सहसा जोडीने येतात, त्यामुळे ही गोष्ट कोपऱ्यातली नाही.

शुगर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हरच्या टेस्ट, कॅल्शियम हे पटकन सांगून टाकतो, थकवा महिनाभराच्या वर असेल तर एकदा बघून घ्यावं. एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी) ६.५ किंवा वर म्हणजे डायबेटिस, पण लोह कमी असताना हा आकडा खोटाच थोडा वर येऊ शकतो, म्हणून ॲनिमिया असेल तर फास्टिंग शुगरही बघा. वजन उतरतंय, संध्याकाळी कणकण येते, खोकला जात नाही, असं असेल तर ईएसआरवर न थांबता टीबीची तपासणी. व्हिटॅमिन डी बद्दल माझं मत थोडं कडवट आहे, ते कमी असण्याचं प्रमाण खूप आहे पण थकवा त्यामुळेच आहे असं क्वचितच छातीठोक सांगता येतं, आणि हॉर्मोनच्या डॉक्टरांच्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ च्या सूचनांमधे निरोगी लोकांची सरसकट डी टेस्ट करू नका असंच म्हटलंय. साठ हजार युनिटचे सॅशे आठवड्याला एक सांगितलेले असताना रोज घेऊन कॅल्शियम चढवून घेणारे लोक आहेत, आणि चढलेल्या कॅल्शियमचं एक लक्षण म्हणजे, अर्थात, थकवा.

आणि रक्तात न दिसणाऱ्यांची यादी लांब आहे. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, डिप्रेशन, नाईट शिफ्ट, रात्री दीडपर्यंत मोबाईल, सर्दीच्या गोळ्या, बीपीच्या काही गोळ्या, व्हायरल तापानंतर महिनोन्महिने रेंगाळणारी गळाठ. यातल्या कशाचंही निदान करणारी रक्ताची टेस्ट आज नाही. घोरणाऱ्या नवऱ्याची खरी माहिती सीबीसीपेक्षा बायकोकडून जास्त मिळते.

कमतरता सापडली की बहुतेक लोक तिथेच थांबतात, आणि माझा खरा आक्षेप यालाच आहे. लोह कमी आहे हे अर्धं उत्तर, ते गेलं कुठे हे उरलेलं अर्धं. पाळीत जास्त रक्त जातं का, जेवणाबरोबर चहा होतो का (चहा लोहाचं शोषण चांगलंच कमी करतो, लिंबू वाढवतं), पोटात जंत आहेत का, गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सीलिॲक हा आतड्याचा आजार आहे का, हे विचारायला हवं. गोळी चालू केली की तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने चढायला हवं, आणि ते नॉर्मल झाल्यावरही साठा भरायला आणखी तीनेक महिने गोळी चालू ठेवावी लागते. आणि साठीच्या पुरुषाचं, किंवा पाळी बंद झालेल्या बाईचं लोह कमी निघालं तर पोटातून किंवा आतड्यातून हळूहळू रक्त जात नाही ना हे दुर्बिणीने बघितल्याशिवाय सोडू नये, कारण आतड्यात गाठ असली तरी लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन काही दिवस मस्त चढतं, माणसाला हुशारी वाटते, आणि तपासणी सहा महिने पुढे ढकलली जाते.