कंबोडियातल्या जंगलमंदिरांना जायचंय? कोणता कागद कुठे लागतो, ते आधी बघा

अंगकोर वाट पाहून झालं की पुढची ओढ लागते ती जंगलात पडलेल्या मंदिरांची. बेंग मेलियाच्या ढासळलेल्या दगडांवर चढलेली मुळं किंवा कोह केरचा सात टप्प्यांचा पिरॅमिड. मग प्रश्न येतो, 'तिथं जायला वेगळी परवानगी काढावी लागते का?' साध्या पर्यटकाला नाही लागत. घोळ होतो तो वेगळ्याच कारणाने. ही मंदिरं एकाच कारभाराखाली नाहीत, त्यामुळे एका जागचं तिकीट दुसऱ्या जागी चालेलच असं नाही.

आधी देशात शिरण्याचं बघू. भारतीय पासपोर्टवर कंबोडियाला व्हिसा लागतो. पर्यटक व्हिसा 'टी' प्रकारचा असतो. त्याचं शुल्क ३० डॉलर, मुक्काम ३० दिवस आणि प्रवेश एकदाच. म्हणजे मधेच व्हिएतनामला जाऊन परत यायचं असेल, तर दुसरा व्हिसा. तो विमानतळावर उतरल्यावरही मिळतो, पण मी ई-व्हिसाच सुचवेन. पासपोर्ट पोहोचण्याच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध हवा. अर्जाला लागतं फारसं काही नाही: पासपोर्टच्या फोटोच्या पानाचं स्वच्छ स्कॅन, अलीकडचा पासपोर्ट आकाराचा फोटो, मुक्कामाचा पत्ता, ईमेल आणि परदेशात चालणारं कार्ड.

आपल्याकडची नेहमीची चूक नावात होते. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. अर्जात ते तसंच्या तसं उतरवा. मधलं नाव गाळू नका, आडनाव पुढे आणू नका. मंजुरीला साधारण तीन कामकाजाचे दिवस लागतात. एप्रिलच्या मध्यात ख्मेर नववर्षाच्या सुट्ट्या असतात, त्या काळात हे तीन दिवस लांबतात. मिळालेला व्हिसा तीन महिन्यांच्या आत वापरायचा असतो, म्हणून फार आधी काढूनही उपयोग नाही. त्याची प्रिंट जवळ ठेवा, मोबाइलच्या बॅटरीवर भिस्त नको.

अर्ज करायचा तो सरकारी संकेतस्थळावरच. त्याच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट केएच' असतं. शोधात वर येणारी चकचकीत पानं अनेकदा दलालांची असतात आणि त्याच व्हिसाचे भलतेच पैसे लावतात. ई-अरायव्हल कार्डाचंही तसंच. विमानाने येणाऱ्या प्रत्येकाने ते पोहोचण्याआधीच्या सात दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं, आरोग्य आणि कस्टम्सची घोषणा त्यातच येते. ते पूर्णपणे मोफत आहे. त्याचे कोणी पैसे मागितले, तर पान बंद करा.

परतीचं तिकीट आणि हॉटेलचं आरक्षण हाताशी असू द्या, भारतातून निघतानाही विचारणा होऊ शकते. कंबोडियात नोकरीचं आमिष दाखवून भारतीय तरुणांना सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेल्याची प्रकरणं उघड झाल्यापासून तपासणी वाढली आहे. चिडू नका, कागद दाखवा.

आता तिकिटं. अंगकोरजवळच्या सिएम रीप शहराला नवा विमानतळ ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला. तो शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे, त्यामुळे उतरल्याच्या दिवशी मंदिराचा बेत सहसा जमत नाही. अंगकोरचा पास एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२ आणि सात दिवसांचा ७२. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत सवडीने वापरता येतो, सात दिवसांचा महिनाभरात. काउंटरवर तुमचा फोटो काढून तो पासवर छापतात, म्हणून पास दुसऱ्याला देता येत नाही. ऑनलाइनही मिळतो. बारा वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही, पण वयाचा पुरावा म्हणून मुलाचा पासपोर्ट बरोबर हवा. प्रत्येक पासातले दोन डॉलर कान्था बोफा या मोफत बालरुग्णालयांना जातात, म्हणून ही रक्कम मला तरी टोचत नाही.

या पासात बेंग मेलिया येतं, जंगलातली चढण चढून पाहायचं क्बाल स्पीअनही येतं. तिथं नदीच्या तळातल्या खडकात शेकडो शिवलिंगं कोरली आहेत. पण तिथूनच जवळ असलेला फ्नोम कुलेन, म्हणजे इ.स. ८०२ मध्ये ख्मेर राजा दुसऱ्या जयवर्मनने जिथं सार्वभौमत्व जाहीर केलं तो डोंगर, पासात नाही. त्याचं तिकीट वेगळं, २० डॉलर. शिवाय रस्ता अरुंद, म्हणून सकाळी गाड्या फक्त वर जातात आणि दुपारी फक्त खाली येतात. अकरा वाजता आरामात निघाल तर पायथ्यावरूनच परतावं लागेल.

कोह केरचं तिकीट तिथल्या काउंटरवर, माणशी १५ डॉलर. बेंग मेलियाच्याच वाटेने पुढे जाता येतं, म्हणून दोन्ही एका दिवसात होतात. मात्र गाडी ठरवताना दोन्ही नावं आधी सांगा, टुकटुकचं हे काम नाही. साम्बोर प्रेइ कुक या मंदिरसमूहाचं तिकीटही तिथंच काढायचं. नोटा डॉलरच्या चालतात, पण कोपरा फाटलेली किंवा शाई लागलेली नोट कोणी घेत नाही. मुंबई-पुण्यात चलन बदलून घेताना काउंटरवरच एकेक नोट उलटून बघा.

सीमेजवळच्या मंदिरांचं गणित निराळं आहे. प्रेआह विहिअरला २००८ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला, पण ते थायलंडच्या सीमेवरच्या कड्यावर आहे. जुलै २०२५ मध्ये दोन्ही देशांत लढाई पेटली, तेव्हा भारतीय दूतावासाने सीमाभागात जाऊ नका असं कळवलं होतं, आणि डिसेंबरमध्ये ती पुन्हा भडकली. बांते छमारही सीमेपासून फार लांब नाही. या दोन्हींसाठी दूतावासाची ताजी सूचना वाचल्याशिवाय आगाऊ पैसे भरू नका. बँकॉकहून बसने पोइपेट या सीमेवरच्या ठाण्यामार्गे जाण्याचा सल्ला अजून अनेक प्रवासवर्णनांत सापडतो. जून २०२५ मध्ये थायलंडच्या सीमेवरची ठाणी बंद केली गेली, तेव्हा तो मार्ग गृहीत धरू नका.

युद्धकाळात जमिनीत पेरलेल्या सुरुंगांबद्दल एकच नियम: मळलेली वाट सोडायची नाही. नेहमीच्या मंदिरांचा परिसर साफ केलेला आहे. आडरानात 'जरा पलीकडे' जायचा मोह टाळा, लघुशंकेलासुद्धा. कवटीचं चित्र असलेली लाल पाटी दिसली की मागे फिरा. खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेत. ड्रोन उडवायचा असेल तरच खरी परवानगी लागते, आणि ती अंगकोर परिसरात तिथला कारभार बघणाऱ्या अप्सरा प्राधिकरणाकडून आधी घ्यावी लागते.

निघताना सामानात दगडाचा तुकडा नको, अगदी पायाशी पडलेला असला तरी. कोह केरच्या प्रासात चेन मंदिरात भीम आणि दुर्योधनाच्या मूर्ती गदायुद्धाच्या पवित्र्यात उभ्या होत्या. चोरांनी त्यांना घोट्यापासून तोडलं आणि पावलं चौथऱ्यावरच राहिली. भीम अमेरिकेतल्या संग्रहालयात पोहोचला, दुर्योधन न्यूयॉर्कच्या लिलावात. २०१४ मध्ये दोघे परत आले. १९९६ च्या वारसा कायद्यानुसार परवान्याशिवाय पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. बाजारातली नवी मूर्ती घेतलीत, तर दुकानदाराकडून पावती लिहून घ्या.

मुक्काम वाढवायचा झाला तर टी व्हिसा एकदाच, ३० दिवसांनी वाढवता येतो. मुदत उलटून राहिलात तर विमानतळावर दिवसाला १० डॉलर दंड भरूनच सुटका होते.