पार्श्वभूमी : अ‍ॅक्रोपोलिसवरची काँक्रीटची वाट

उन्हाळ्यात ग्रीसला जाणाऱ्या जोडप्यांचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. अथेन्समध्ये दोन रात्री, एक संध्याकाळ जवळच्या सूनियन या समुद्रकाठच्या भूशिरावरच्या सूर्यास्तासाठी, मग बोटीने किंवा विमानाने सँटोरिनी बेट. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या सहलीही याच वळणाच्या असतात. या फेरीत ‘प्राचीन’ म्हणून जे पाहायला मिळते, त्याचे आजचे रूप मात्र बरेचसे गेल्या दोनशे वर्षांतल्या सरकारी निर्णयांनी ठरवले आहे. अथेन्समधल्या अ‍ॅक्रोपोलिस या प्राचीन देवळांच्या टेकडीवर २०२० मध्ये ओतलेल्या काँक्रीटचा वाद, गर्दीची मर्यादा, तिकिटाची दरवाढ हे सगळे समजून घ्यायचे तर ही देवळे उभारणाऱ्या पेरिक्लीस या अथेन्सच्या नेत्याच्या काळापेक्षा या निर्णयांकडे पाहणे जास्त उपयोगी.

टेकडीवरचे मुख्य देऊळ, पार्थेनॉन, इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात उभे राहिले, पुढे त्याचे चर्च झाले, मग मशीद झाली, १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्याने आतला दारूसाठा उडाला, आणि १८०१ पासून ब्रिटिश राजदूताच्या माणसांनी त्यावरची शिल्पे उतरवली. हे सर्वांच्या वाचनात असते. म्हणून थेट १८३४ वर येऊ.

त्या वर्षी अथेन्स नव्या ग्रीक राज्याची राजधानी झाले. राजा बव्हेरियातून आणलेला, अजून वयात न आलेला. टेकडीवर तेव्हा उस्मानी काळातली घरे होती, पार्थेनॉनच्या पोटात एक लहानशी मशीद होती, आणि प्रवेशद्वारावर मध्ययुगीन सरदारांनी बांधलेला, सुमारे २६ मीटर उंचीचा मनोरा होता. राजासमोर झालेल्या समारंभात जर्मन वास्तुरचनाकाराने धोरण सांगून टाकले : नंतरचे सगळे काढायचे, अभिजात काळाचे तेवढे ठेवायचे. काम लगेच सुरू झाले. तुर्कांनी १६८६ मध्ये तोफांच्या बुरुजासाठी पाडलेले अथीना नीकेचे छोटे देऊळ बुरुजातून निघालेले दगड जुळवून पुन्हा उभारले गेले. १८४० च्या दशकात मशीद गेली. १८७५ मध्ये तो मनोराही पाडला. खर्च ट्रॉय खणणाऱ्या धनाढ्य हौशी संशोधकाने उचलला. मनोरा पाडू नये, तोही शहराच्या इतिहासाचा भाग आहे, असे म्हणणारे तेव्हाही होते. त्यांचे कोणी ऐकले नाही.

त्यानंतर आले १८८५ ते १८९० चे उत्खनन. पर्यटनाच्या पुस्तिकांत त्याचा उल्लेख संग्रहालयातल्या हसऱ्या युवतींच्या मूर्तींपुरता येतो, कारण त्यातल्या कितीतरी तेव्हाच सापडल्या. खरा परिणाम याहून मोठा होता. टेकडीचा माथा थेट मूळ खडकापर्यंत खणून काढला गेला. पुरातन काळी भराव टाकून केलेली सपाटी, त्यावर शतकानुशतके साचलेली माती, सगळे उपसले. आज तिथे पाय ठेवला की जो उंचसखल चुनखडीचा खडक लागतो, तो पेरिक्लीसच्या काळातल्या माणसाच्या पायाखाली अनेक ठिकाणी नव्हताच. पुढे वर्षानुवर्षे लाखो बूट-चपला त्यावरून गेल्या आणि तो गुळगुळीत झाला. थोडा पाऊस पडला की मंडळी एकमेकांचे हात धरून चालतात, ते काही प्रेमाने नव्हे.

विसाव्या शतकाची सुरुवात दुरुस्तीने झाली आणि त्या दुरुस्तीनेच घात केला. मूळ कारागिरांनी संगमरवराचे ठोकळे लोखंडी पट्ट्यांनी जोडताना त्यांभोवती शिसे ओतले होते, त्यामुळे आत हवा-पाणी शिरत नसे. १८९८ नंतरच्या कामात नव्या लोखंडाला हे शिशाचे कवच दिले गेले नाही. लोखंड गंजले, गंजून फुगले आणि फुगता फुगता संगमरवर चिरत गेले. काही ठोकळे तर चुकीच्या जागी बसवलेले निघाले. १९७५ मध्ये नेमलेल्या समितीने हे सगळे उकलायला घेतले. लोखंडाच्या जागी टायटॅनियम आले, नवा संगमरवर पूर्वीच्याच पेंटेली डोंगरातून आणला. तोवर शहराच्या धुराने शिल्पे इतकी खाल्ली होती की १९७९ मध्ये छत पेलणाऱ्या स्त्रियांचे ते प्रसिद्ध पुतळे आत हलवावे लागले. सज्जाखाली आज दिसतात त्या प्रतिकृती.

आता काँक्रीट. माथ्यावर त्याची एक अरुंद पट्टी १९७० च्या दशकापासून होती आणि ती ठिकठिकाणी फुटली होती. २००४ च्या ऑलिंपिक-पॅरालिंपिकसाठी उत्तरेकडच्या कड्याला एक लिफ्ट लावली, पण ती वारंवार बंद पडे. चाकाच्या खुर्चीतून आलेल्या माणसाला खालूनच परतावे लागे. २०२० मध्ये नवी लिफ्ट आणि माथ्यावर रुंद, सपाट वाटा असे काम निघाले. टाळेबंदी होती, पर्यटक जवळपास नव्हते, तेवढ्यात काँक्रीट ओतूनही झाले. डिसेंबरमध्ये लिफ्ट सुरू झाली आणि त्याच सुमारास राखाडी पृष्ठभागाची छायाचित्रे सर्वत्र फिरली.

समर्थकांचे म्हणणे मोडीत काढण्यासारखे नाही. काँक्रीट आणि खडक यांच्यामध्ये वेगळा थर आहे, त्यामुळे ते पुढे कधीही काढता येईल. खडक उघडा असणे हीच एकोणिसाव्या शतकाची करणी, मग तो झाकला तर ‘मूळ’ बिघडले कसे? वाटेची दिशा जुन्या मिरवणुकीच्या मार्गाशी जुळणारी आहे. आणि ज्यांना चालता येत नाही त्यांचाही या वारशावर हक्क आहे.

विरोधकांनी, त्यांत परदेशी पुरातत्त्वज्ञही होते, वेगळ्याच जागी बोट ठेवले. हा खडक रिकामा नाही. त्यात पायऱ्या कोरलेल्या आहेत, पुतळ्यांचे पाये बसवण्यासाठी पाडलेल्या खाचा आहेत, नाहीशा झालेल्या इमारतींच्या रेषा आहेत. इमारत गेली तरी खाच राहते आणि तीच एकमेव साक्ष असते. त्यावर सपाट पृष्ठभाग आला की बघणाऱ्याला एक मोकळे पटांगण आणि मध्ये उभी दोन-तीन देवळे एवढेच दिसते. शिवाय हे ओतकाम पुरेशी चर्चा न होता उरकले गेले. डिसेंबरअखेरच्या पावसात पाणी साचल्याची दृश्ये आल्यावर त्यांच्या आरोपाला धारच आली.

चाकाच्या खुर्चीसाठी वाट हवी, यावर दुमत नसावे. पण खुर्चीला लागते त्याहून कितीतरी जास्त जागा काँक्रीटखाली गेली आहे, आणि रुंद वाट मोठ्या गटांनाही सोयीची असते ही गोष्ट सरकारी निवेदनांत ठळकपणे येत नाही. समोरच्या टेकडीवर याचे उत्तर तयार आहे. १९५० च्या दशकात एका ग्रीक वास्तुरचनाकाराने तिथल्या पायवाटा शहरात पाडल्या गेलेल्या जुन्या घरांचे दगड आणि संगमरवराचे तुकडे हाताने जुळवून घडवल्या. कारागीर आणि विद्यार्थी हाताशी होते. नकाशा बराचसा जागेवरच ठरे. तिथे चालताना चौकटीचा तुकडा, उंबऱ्याचा तुकडा पायाखाली येतो. ती वाट टेकडीच्या वळणाने जाते आणि फोटोत सहसा येतही नाही. हजारोंची रोजची ये-जा तिला पेलवली असती का, हा प्रश्न रास्त आहे. निदान तो विचारून मग काँक्रीट ओतायला हवे होते.

वाद शमायच्या आतच गर्दी परतली. २०२३ च्या जुलैमध्ये उन्हाचा कडाका इतका झाला की भर दुपारी टेकडी बंद ठेवावी लागली. ४ सप्टेंबर २०२३ पासून दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आणि तासाप्रमाणे प्रवेश सुरू झाला. २०२४ पासून नेहमीच्या वेळेबाहेर, पाच जणांपर्यंतच्या गटासाठी ५,००० युरोंत खासगी भेटीची सोय झाली. म्हणजे शांतता हवी असेल तर ती विकत मिळते. एप्रिल २०२५ पासून साधे तिकीट २० वरून ३० युरोंवर गेले आणि शहरातल्या इतर अवशेषांसह मिळणारे एकत्रित तिकीट बंद झाले. दोघांच्या सहलीत एका सकाळचे ६० युरो झाले. त्याच वर्षी शरद ऋतूत पार्थेनॉनच्या पश्चिम दर्शनी बाजूची परांची उतरवली, ती तिथे काही दशके होती. पुढच्या कामासाठी हलकी परांची पुन्हा लावायची, असे तेव्हाच जाहीर झाले होते.

किनाऱ्यांचा इतिहास याहून अलीकडचा. सँटोरिनीत १९५६ च्या भूकंपाने कड्यातली गुहाघरे ढासळली, लोक बेट सोडून गेले. १९७० च्या दशकात सरकारी पर्यटन खात्याने बेटावरच्या इया गावातली पडकी घरे दुरुस्त करून पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. कड्यावरच्या मुक्कामाची कल्पना तिथून रुजली. आज जोडपी ज्यासाठी वर्षभर आधी आरक्षण करतात त्या खोल्यांचे मूळ असे भूकंपात आहे. २०२५ पासून तिथे क्रूझने उतरणाऱ्यांना दिवसाला ८,००० ची मर्यादा आहे आणि त्याच जुलैपासून ऐन मोसमात माणशी २० युरो शुल्क.

समुद्रकिनारा कायद्याने सर्वांचा, पण पारोस बेटावर २०२३ च्या उन्हाळ्यात टॉवेल अंथरायलाही जागा उरली नव्हती. भाड्याच्या खुर्च्या आणि छत्र्या पाण्यापर्यंत पोचल्या होत्या. रहिवासी टॉवेल घेऊनच निदर्शनाला उतरले. २०२४ च्या कायद्याने भाड्याने दिलेल्या पट्ट्याचा निम्मा भाग खुर्च्यांशिवाय ठेवणे आणि पाण्यापासून चार मीटर जागा सोडणे बंधनकारक केले. तक्रारीसाठी मोबाइल अ‍ॅप निघाले, आणि चार मीटरपेक्षा अरुंद वाळूवर खुर्च्या लावायलाच बंदी आली.