बोअरचं पाणी, काळी चाय आणि दौतीतली शाई

मे महिन्यात शिरोड्याजवळ मामीकडे गेलो होतो. घरामागची विहीर एप्रिल उलटला की तळ गाठते, म्हणून मामेभावाने यंदा बोअर मारून घेतली. पाणी भरपूर लागलं, दिसायलाही नितळ. पण त्या पाण्याचा चहा काळा व्हायचा. काळा म्हणजे कोरा नव्हे. चांगलं म्हशीचं दूध घालूनही जांभळट राखी, पाटी पुसलेल्या फडक्याच्या रंगाचा. चहापूड बदलून झाली, टोप बदलून झाला, दूधवाल्याला दोन शब्द ऐकवून झाले.

"ह्या पाणी बरा नाय," मामी म्हणाली. "कोणीतरी कायतरी केल्यान हा." बोअर मारताना राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ द्यायचा राहून गेला होता, हे तिच्या मनात घोळत होतं.

मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. त्या कपाकडे बघून मला मात्र आनंदच झाला. मामीने कपात शाई केली होती, आणि ती उपमेतली नव्हे, खरोखरची शाई.

जुन्या काळी आपल्याकडे काळी शाई करायची एक रीत हिरडा आणि हिराकस यांची होती. हिरडा तुरट, आणि हिराकस म्हणजे लोहाचा क्षार, फेरस सल्फेट. दोन्ही पाण्यात एकत्र आले की काळं होतं. युरोपात हिरड्याच्या जागी ओक झाडावरच्या गाठी वापरत, बाकी कृती तीच. आपल्या घरांतही हे रोज घडतं. लोखंडी विळीवर केळफूल चिरायला घ्या, विळीचं पातं आणि बोटं काळी होतात. काजूचं बोंड कापलं तरी तेच. जिभेला तुरट लागणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट लोखंडाशी असं वागते, आणि चहा हा तर तुरट पदार्थांचा राजा. चहाच्या ताज्या पानातलं पाणी बाजूला काढलं तर उरलेल्या वजनाचा एक चतुर्थांशाहून जास्त भाग हे तुरट पदार्थच असतात. त्यांना पॉलिफिनॉल म्हणतात. चहाच्या आरोग्यगुणांबद्दल जे काही गोड बोललं जातं, त्यातलं निम्मं याच पदार्थांच्या नावावर असतं.

आता प्रश्न असा की बोअरच्या पाण्यात लोह आलं कुठून. आपण जांभ्यावर राहतो. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली सिलिका (वाळूचा मुख्य घटक) आणि इतर क्षार धुऊन नेले आणि मागे उरले लोह व ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. जांभ्याचा लाल रंग म्हणजे गंजच. त्यातून वेंगुर्ले तालुका, रेडीची लोहखनिजाची खाण शिरोड्याहून हाकेच्या अंतरावर. पण गंज पाण्यात विरघळत नाही, नाहीतर कोकणातली प्रत्येक विहीर लाल दिसली असती. जमिनीत खोलवर, जिथे हवा पोचत नाही, तिथे लोह फेरस रूपात राहतं, आणि फेरस लोह पाण्यात सुखाने विरघळतं. त्याला रंगही जवळजवळ नसतो. म्हणून बोअरचं पाणी काढल्याबरोबर नितळ दिसतं. तेच पाणी बादलीत रात्रभर ठेवा. हवेतला ऑक्सिजन लागून फेरसचं फेरिक, म्हणजे गंजाच्या रूपातलं लोह, होतं आणि सकाळी बुडाशी तांबडा गाळ दिसतो. उघड्या विहिरीत हे काम आपोआप झालेलं असतं, म्हणून विहिरीच्या चहाने मामीला इतकी वर्षं कधी दगा दिला नाही. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं की कपड्यांवर तांबूस डाग पडू लागतात. मामीच्या धुतलेल्या पांढऱ्या टॉवेलांकडे बघून तो आकडा कधीच ओलांडलाय हे कळत होतं.

चहातले पॉलिफिनॉल आणि लोह एकमेकांना धरतात कसे, ते मला सांगायचंच आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद भरभर वाचले तरी चालेल, फक्त कुर्ली आणि लिंबू लक्षात ठेवा.

पॉलिफिनॉलचा रेणू म्हणजे कार्बनच्या षटकोनी कड्या, आणि त्या कड्यांना चिकटलेले ऑक्सिजन-हायड्रोजनचे जोड. चहातल्या बऱ्याच रेणूंत असे दोन किंवा तीन जोड एकाच कडीवर शेजारीशेजारी असतात. हे शेजारपण महत्त्वाचं. एकटा ऑक्सिजन लोहाला धरू शकतो, पण ती पकड ढिली. शेजारचे दोन मिळून धरतात तेव्हा ती कुर्लीच्या डेंग्यांसारखी दोन्ही बाजूंनी बसते. या पकडीला रसायनशास्त्रात कीलेशन म्हणतात आणि तो शब्द आलाय ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीवरून. ज्या कोणी हे नाव दिलं, त्याने कधीतरी कुर्ली नक्की हातात धरली असणार. फेरिक लोहाभोवती बसायला सहा जागा असतात, म्हणजे तीन कुर्ल्यांचे सहा डेंगे एका लोहकणाला घट्ट आवळू शकतात. अशी जोडी जमली की कडीवरचा इलेक्ट्रॉन लोहाकडे उडी मारायला टपलेला असतो, आणि त्या उडीला लागणारी ऊर्जा दृश्य प्रकाशातूनच मिळते. पिवळा, नारिंगी, तांबडा प्रकाश बराचसा गिळला जातो, निळा-जांभळा थोडा सुटतो. तेवढाच आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. दूध घातलं की जांभळट राखी दिसतं ते त्यामुळे.

दुसरी गोष्ट आम्लाची. डेंगे उघडायचे तर ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन सुटायला हवा. पाणी आंबट असलं तर तो सुटत नाही, डेंगे मिटलेले राहतात, आणि आधी बसलेली पकडही सुटते. मामीच्या त्या काळ्या चहात (दूध न घातलेल्या, नाहीतर दूध फाटेल) मी अर्धं लिंबू पिळलं. चहा बघता बघता सोनेरी झाला. मग चिमूटभर खायचा सोडा टाकला, परत काळा. मामेभावाच्या धाकट्या मुलीने हा खेळ चार वेळा करायला लावला आणि शेवटचा कप माडाच्या आळ्यात ओतला.

करणीचं भूत तिथे उतरायला हरकत नव्हती. पण मला त्या कपात दुसरंच काही दिसत होतं.

माझ्या मोबाइलवर त्याच आठवड्यात एक संदेश फिरत आला होता, चहाचे एकवीस फायदे. रक्त शुद्ध होतं, चरबी वितळते, विषारी द्रव्यं बाहेर पडतात वगैरे. रक्त शुद्ध करायला मूत्रपिंडं आणि यकृत बसलेली आहेत, त्यांना चहाची मदत लागत नाही. 'डिटॉक्स' असं लिहिलेली पाकिटं तर हल्ली आमच्या बाजारातल्या किराणा दुकानातही लटकलेली दिसतात. नेमकं कुठलं विष, ते मात्र पाकिटावर कधी लिहिलेलं नसतं. पण म्हणून चहा बिनकामाचा असंही नाही. कॅफिन मेंदूत ॲडिनोसिनच्या जागा अडवतं. ॲडिनोसिन म्हणजे दिवसभर साचत जाणारा झोपेचा निरोप, तो पोचू दिला नाही की तरतरी येते. हा परिणाम पक्का आहे. ब्रिटनमधल्या सुमारे पाच लाख लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून २०२२ मध्ये जे निष्कर्ष छापून आले, त्यांत दिवसाला दोन किंवा अधिक कप चहा घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ९ ते १३ टक्क्यांनी कमी आढळलं. हे नुसतं निरीक्षण आहे. चहा पिणारे आणि न पिणारे इतर बाबतींतही वेगळे असू शकतात, त्यामुळे श्रेय सगळं चहाचं असं म्हणता येत नाही. तरी चहाने घात होतो असं म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून पुरे.

गरम किती, हा मुद्दा मात्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसहून जास्त गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाचं संभाव्य कारण मानली. दोष उष्णतेचा, चहाचा नव्हे. बशीत ओतून फुरके मारत पिणाऱ्या आमच्या आजोबांना शहरातले नातेवाईक हसायचे, पण बशीत चहा झटक्यात निवतो.

तर कपाकडे परत. जी पकड कपात दिसते, तीच पोटातही बसते. वरण-भात, पालेभाज्या, कुळीथ, नाचणी यांतलं लोह वनस्पतींचं, मोकळं. ते शोषलं जातं ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या वीतभर भागात. जठरात आम्ल भरपूर, तिथे कुर्लीचे डेंगे मिटलेले. पण अन्न जठरातून पुढे सरकलं की आम्ल कमी होतं, म्हणजे लिंबाच्या कपात सोडा टाकल्यासारखंच. डेंगे उघडतात आणि नेमकं जिथे लोह आत घ्यायचं तिथेच ते आवळलं जातं. आतड्याच्या पेशींवरची दारं सुट्टं फेरस लोहच आत घेतात, कुर्लीसकट नाही. ते लोह मग जसं आलं तसं बाहेर जातं.

हे कागदावरचं तर्कशास्त्र नाही, मोजलेलं आहे. १९८३ च्या एका अमेरिकी प्रयोगात बर्गरच्या जेवणाबरोबर चहा दिला तेव्हा लोहाचं शोषण ६४ टक्क्यांनी घटलं, कॉफीने ३९ टक्क्यांनी. १९९९ मध्ये पावाच्या जेवणाबरोबर वेगवेगळी पेयं देऊन पाहिली, त्यांत काळ्या चहाने शोषण ७९ ते ९४ टक्के कमी केलं. आमच्याकडचे लोक लगेच म्हणतील, आम्ही तर दुधाचा पितो. दुधातलं केसीन हे प्रथिन काही पॉलिफिनॉलांना धरून ठेवतं हे खरं, पण त्याच प्रयोगात दूध घातल्याने लोहाच्या बाबतीत जवळजवळ काही फरक पडला नाही. मामीचा दुधाचा चहाही काळाच होता, तो याचा घरगुती पुरावा. मासे-मटणातल्या लोहाचा एक भाग हीम या कडीत आधीच चार नायट्रोजननी धरून ठेवलेला असतो, शिजवलेल्या मासळीतल्या त्या भागाला चहा फारसा हात लावू शकत नाही. म्हणजे बांगड्याचं तिखलं खाऊन चहा प्यायलात तर नुकसान कमी. संकष्टीच्या आणि श्रावणाच्या दिवसांत जास्त.

ज्याच्या अंगात लोह पुरेसं आहे त्याला याने काही होत नाही. माझ्यासारख्या साठी उलटलेल्या पुरुषाने जेवल्यावर खुशाल चहा घ्यावा. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. महाराष्ट्राचा आकडा ५४.२ टक्के. कारणं अनेक आहेत, सगळ्याचं खापर चहावर फोडणं चूक. पण आपल्याकडे बाईचं पहिलं खाणं काय असतं ते बघा. सकाळी सगळ्यांचे डबे होईपर्यंत चहात बुडवलेली चपाती, नाहीतर खारी-बटर. दुपारी सगळ्यांची जेवणं झाल्यावर आपलं जेवण, आणि भांडी घासायच्या आधी अंगात जीव यावा म्हणून कपभर चाय. लोह पोटात गेलं की मागोमाग कुर्ल्या सोडायच्या, असा हा दिनक्रम.

मामीच्या सुनेला पाचवा महिना होता. आशाताई लोहाच्या गोळ्या देऊन जातात, एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह. "गोळी घेतली की मळमळतं," ती म्हणाली, "म्हणून मी चहाबरोबर घेते, तोंडाची चव जाते." मी काही बोललो नाही. गोळीचं पाकीट मागून घेतलं, एक गोळी वाटीत चुरली, पाणी घातलं आणि विहिरीच्या पाण्याचा चांगला सोनेरी कोरा चहा त्यात ओतला. वाटीत दौत उलटल्यासारखं झालं. व्याख्यान द्यायची गरज उरली नाही. चहाबरोबर गोळी घेऊ नये असं आशाताईंनी सांगितलं होतंच, पण सांगितलेलं आणि दिसलेलं यांत फरक असतो.

मग किती अंतर ठेवायचं? १९८३ च्या त्याच प्रयोगात जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने काही बिघडलं नाही, मात्र जेवणानंतर तासाने घेतलेल्या कॉफीने बरोबर घेतल्याइतकाच अडथळा केला. पातळ पेय जठरातून पटकन निघून जातं, भात-भाकरी दोन-तीन तास तिथे रेंगाळते, हे लक्षात घेतलं की यात नवल वाटत नाही. ब्रिटनमधल्या २०१७ च्या प्रयोगात चहा जेवणानंतर तासाने दिला तेव्हा अडथळा बराच कमी झाला होता. दोन्ही जमेस धरून मी सुनेला सांगितलं की जेवणानंतर दोन तास चहाला हात लावू नकोस, त्यापेक्षा चारचा चहा निवांत बसून पी. गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घे, क जीवनसत्त्व फेरिकचं फेरस करतं आणि आम्ल डेंगे मिटलेले ठेवायला मदत करतं. मळमळलं तर रात्री झोपताना घे.

बोअरचं पाणी आता टाकीत उंचावरून, फवाऱ्यासारखं पाडून घ्यायचं ठरलं. हवा लागली की गाळ बसतो, वरचं पाणी वापरायचं, खालचं माडांना. टाकी होईपर्यंत चहापुरती कळशी विहिरीची.

निघायच्या दिवशी सकाळी बोअरच्या तोंडाशी अबोलीचं फूल आणि नारळ ठेवलेला दिसला. मी मामीकडे बघितलं.

"लोखंड असा ता कळला मा," ती म्हणाली. "पण नारळ माझो रवलेलो होतो."

आणि माझी घावणे-चटणी संपायच्या आत तिने कप पुढे सरकवला, चांगला लालसर, विहिरीच्या पाण्याचा. सून चुलीपाशी स्वतःची गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घेत होती, तोंड वाकडं करून.