पार्श्वभूमी : पोटाच्या ऑपरेशननंतरचे तीस दिवस

आतड्याला भोक पडलेला खेड्यातला रुग्ण सहसा थेट ऑपरेशन टेबलवर पोहोचत नाही. आधी गावातल्या डॉक्टरांचं सलाईन, मग ग्रामीण रुग्णालय, तिथून ‘पुढे न्या’ अशी चिठ्ठी आणि शेवटी जिल्ह्याचं ठिकाण. तोवर पोट फळीसारखं कडक झालेलं असतं, लघवी कमी झालेली असते. सर्जन पोट उघडतात, धुतात, भोक शिवतात. ऑपरेशन पार पडतं. अशा रुग्णांचं पुढे काय होतं, हे गरीब देशांत मोजायला सुरुवात झाली ती अगदी अलीकडे.

1978च्या अल्मा-आता इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेनंतर जगाच्या आरोग्य-धोरणाचा भर प्राथमिक आरोग्यसेवेवर होता. लस, पाणी, बाळंतपण. शस्त्रक्रिया म्हणजे शहरातली, महागडी चैन असाच समज होता. जागतिक आरोग्य संघटनेचे तेव्हाचे प्रमुख हाफडान माहलर यांनी 1980 मध्ये मेक्सिकोत सर्जनांच्या परिषदेत या दुर्लक्षावर बोट ठेवलं, पण त्यानंतरही बराच काळ फारसं काही हललं नाही. 2008 मध्ये संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षेची चेकलिस्ट आली. दिल्लीसह आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या 2015 च्या आयोगाने तर सांगितलं की पाच अब्ज लोकांना सुरक्षित, परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळतच नाही. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू प्रत्येक देशाने मोजावेत, अशी शिफारसही याच आयोगाची.

पोटाच्या तातडीच्या ऑपरेशनांचा पहिला मोठा हिशेब 2016 चा, ‘ग्लोबलसर्ज’ या गटाचा. 58 देशांतल्या 10,745 रुग्णांची माहिती यात आहे, आणि ती गोळा करणाऱ्यांत निवासी डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. तीस दिवसांत दगावलेले रुग्ण विकसित देशांत 4.5 टक्के, मधल्या गटात 6.0 आणि सर्वांत मागास गटात 8.6 टक्के. रुग्णांची प्रकृती वगैरे फरक जमेस धरले, तर मागास गटातला धोका जवळजवळ तिप्पट निघाला.

दोष सर्जनच्या हाताचा असेल, असं पटकन वाटतं. 2018 मध्ये आफ्रिकेतल्या 25 देशांच्या पाहणीने वेगळंच चित्र दाखवलं. यात सिझेरियनही बरीच होती. रुग्ण तुलनेने तरुण आणि कमी जोखमीचे, तरी मृत्यू जागतिक सरासरीच्या दुप्पट. त्यातले बहुतेक सगळे ऑपरेशनचा दिवस उलटल्यावर झालेले. म्हणजे टेबलवर नव्हे, वॉर्डात. रात्रपाळीच्या एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असला, की नाडी वाढल्याचं कळायलाच पहाट होते. माझ्या मते या सगळ्या आकड्यांत सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हाच, आणि नव्या ऑपरेशन थिएटरच्या उद्घाटनात तो हमखास विसरला जातो.

जखमेत पू होण्याची गोष्टही अशीच. ‘ग्लोबलसर्ज’च्याच 2018 च्या अभ्यासात पोटाच्या ऑपरेशननंतर जखम चिघळण्याचं प्रमाण विकसित देशांत 9.4 टक्के होतं, तर मागास देशांत 23.2 टक्के. उपाय काय, यावर भारतासह सात देशांत मोठ्या चाचण्या झाल्या. जंतुनाशकाचा लेप असलेले महाग धागे आणि त्वचा साफ करायला बीटाडीनऐवजी क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक, यांचा 2021 च्या चाचणीत फायदा दिसला नाही. 2022 मध्ये मात्र एक साधीच गोष्ट उपयोगी पडली : पोट शिवायला घेण्याआधी सगळ्यांनी ग्लोव्ह्ज बदलायचे आणि अवजारांचा नवा, निर्जंतुक संच उघडायचा. आतड्यातली घाण लागलेले हात आणि चिमटे त्वचेपर्यंत येऊ द्यायचे नाहीत, एवढंच. 13,301 रुग्णांच्या या चाचणीत संसर्ग 18.9 वरून 16.0 टक्क्यांवर आला. अर्थात त्यासाठी ग्लोव्ह्जचा साठा आणि अवजारांचा दुसरा संच हाताशी हवा.

हे आकडेही पूर्ण नाहीत. टाके गावाजवळच्या दवाखान्यात निघतात आणि रुग्ण परत येत नाही. आपल्याकडे तर शेवटच्या घटका दिसू लागल्या की नातेवाईक सही करून घरी नेतात. मृतदेह गावी न्यायचा खर्च हे त्याचं एक साधं कारण. रजिस्टरात त्या रुग्णापुढे ‘डामा’, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलं, असं लिहिलं जातं आणि त्याचा मृत्यू रुग्णालयाच्या खात्यात येत नाही.